पॅकेजच्या आधी पट विचारा

जून महिना आला की वर्तमानपत्रांची पानं महाविद्यालयांच्या जाहिरातींनी भरून जातात. प्रत्येक जाहिरातीत एक आकडा ठळक असतो: सर्वोच्च पॅकेज इतके लाख. हा आकडा बहुधा खोटा नसतो, पण तो एका विद्यार्थ्याचा असतो. शेजारी सरासरी पॅकेज छापलेलं असेल, तर ते फक्त नोकरी लागलेल्यांचं असतं. नोकरी लागलेल्यांची टक्केवारी दिली असेल, तर ती बहुतेकदा कॅम्पस मुलाखतींसाठी नाव नोंदवलेल्यांपैकी असते. पहिल्या वर्षाला किती जणांनी प्रवेश घेतला, त्यातले किती शेवटच्या वर्षाला पोचले, एटीकेटीत किती अडकले आणि पैशांची सोय न झाल्यानं किती गावी परतले, याचा हिशेब जाहिरातीत कुठेच सापडत नाही. खासगी संस्थेला असली आकडेमोड शोभत असेलही. जनतेच्या कराच्या पैशावर चालणाऱ्या विद्यापीठाला मात्र हे माप लावणं चूक आहे, कारण त्याचा पट गाळून घेतलेला नसतो आणि नसावाही. अशा विद्यापीठाचं मोल ठरवायचं, तर मोजणी प्रवेशाच्या रांगेपासून सुरू व्हायला हवी. रांगेत गरीब घरातले किती होते, त्यातले किती पुढे चांगलं कमावते झाले आणि यासाठी विद्यार्थ्याच्या व सरकारच्या खिशातून किती गेलं, हे तिन्ही आकडे एकत्र पाहिल्याशिवाय विद्यापीठ चांगलं की वाईट हे सांगता येत नाही.

हे माप कागदावरचं नाही. अमेरिकेत ते प्रत्यक्ष लावून पाहिलं गेलं आहे आणि त्यातून जे दिसलं त्यानं तिथल्या प्रतिष्ठेच्या उतरंडीला चांगलाच हादरा दिला. मराठी वाचकाला न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ ठाऊक असतं, कारण 1913 मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब आंबेडकर तिथे शिकायला गेले. त्याच मॅनहॅटन बेटावर, कोलंबियापासून उत्तरेला चालत अर्ध्या तासाच्या आत, हार्लेममध्ये सिटी कॉलेज आहे. शहरातल्या कष्टकऱ्यांच्या मुलांना फुकट उच्च शिक्षण द्यावं की नाही, यावर 1847 मध्ये न्यूयॉर्कच्या मतदारांचा कौल घेतला गेला आणि तो अनुकूल आल्यावर ‘फ्री अकॅडमी’ या नावानं हे कॉलेज सुरू झालं. 1961 मध्ये ते आणि शहरातली इतर सरकारी महाविद्यालयं मिळून न्यूयॉर्क शहर विद्यापीठ, म्हणजे ‘क्युनी’, स्थापन झालं. आज त्यात पंचवीसेक महाविद्यालयं आणि दोन लाखांहून जास्त विद्यार्थी आहेत. राज्यातल्या विद्यार्थ्याला चार वर्षांच्या महाविद्यालयात वर्षाला 6,930 डॉलर आणि दोन वर्षांच्या सामुदायिक महाविद्यालयात 4,800 डॉलर फी पडते. गरीब विद्यार्थ्याला केंद्र सरकारकडून मिळणारं पेल अनुदान वर्षाला जास्तीत जास्त 7,395 डॉलरपर्यंत असतं, म्हणजे पूर्ण अनुदान मिळणाऱ्याची फी त्यातूनच भागते. कोलंबियाची वर्षाची फी 65 हजार डॉलरच्या वर आहे. कोलंबियाही गरीब विद्यार्थ्याला भरघोस मदत करतं, हे खरं. प्रश्न एवढाच, की असा विद्यार्थी तिथवर पोचतोच किती?

दिल्लीत जन्मलेले अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये याचं उत्तर दिलं. 1980 ते 1982 दरम्यान जन्मलेल्या मुलांच्या आईवडिलांची करविवरणं आणि तिशी ओलांडल्यावर त्याच मुलांची स्वतःची करविवरणं त्यांनी नावं गाळून एकमेकांशी जोडली आणि प्रत्येक महाविद्यालयासाठी दोन आकडे काढले. देशातल्या सर्वांत गरीब पंचमांश कुटुंबांतून किती विद्यार्थी आले, हा पहिला. त्यांच्यापैकी किती जण मोठेपणी आपल्या पिढीतल्या सर्वाधिक कमावणाऱ्या पंचमांशात पोचले, हा दुसरा. हार्वर्ड, येल, कोलंबिया, स्टॅनफर्ड अशा बारा नामांकित खासगी विद्यापीठांमध्ये हजारातले साधारण 38 विद्यार्थी तळाच्या पंचमांशातले होते. त्यातले 22 वर पोचले, म्हणजे निम्म्याहून जास्त. क्युनीत तळातून आलेले हजारातले 287 होते आणि त्यातले वर पोचले ते 72, म्हणजे जेमतेम चौथा हिस्सा. पॅकेजच्या मापानं बारा नामांकितांचा विजय उघड आहे. पण हजार विद्यार्थ्यांमागे गरिबीतून वर काढलेली माणसं मोजली, तर क्युनीनं त्यांच्या तिपटीहून जास्त काढली. अमेरिकेतल्या सर्व महाविद्यालयांची सरासरी हजारामागे वीसच्याही खाली होती. याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट बोचरी आहे. त्या बारा विद्यापीठांत देशातल्या सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतली जितकी मुलं होती, तितकी तळाच्या निम्म्या लोकसंख्येतलीही नव्हती.

या मोजणीतल्या दोन गोष्टी आपल्याकडच्या पॅकेजी हिशेबात कधीच नसतात. पहिली, शिक्षण अर्धवट सोडलेलेही यात धरले आहेत. ज्यानं महाविद्यालयात पाऊल ठेवलं तो पटावर आला आणि त्याची जबाबदारी त्या महाविद्यालयावर पडली, मग त्याला पदवी मिळो न मिळो. दुसरी, महाविद्यालयाच्या आत डोकावलं तर तिथल्या गरीब आणि श्रीमंत विद्यार्थ्यांच्या पुढच्या कमाईत फारसं अंतर उरत नाही, असं आढळलं. देशभरात मात्र गरिबाच्या आणि श्रीमंताच्या मुलाच्या कमाईत मोठी दरी असते. खालच्या घरातल्या मुलांना वरच्या संस्थेत घातलं तर ती तिथे टिकत नाहीत, हे आपल्याकडे आरक्षणाच्या प्रत्येक वादात हमखास ऐकू येणारं विधान तिथल्या आकड्यांपुढे उभं राहत नाही.

यावर पहिला आणि वजनदार आक्षेप असा, की हे श्रेय विद्यापीठाचं कशावरून? न्यूयॉर्क हे चढ्या पगाराचं शहर आहे. क्युनीत स्थलांतरितांची मुलं खूप आहेत. आईवडील पहिल्या पिढीत टॅक्सी चालवतात, भांडी घासतात, म्हणून कागदावर गरीब दिसतात. पण घरात जिद्द असते आणि कित्येकदा मायदेशात घेतलेलं शिक्षणही असतं. अशी मुलं कुठेही शिकली असती तरी वर आली असती. हा आक्षेप बऱ्याच अंशी मान्य करावा लागतो. ते दोन आकडे कार्यकारणभाव सिद्ध करत नाहीत आणि अभ्यासकांनी तसा दावाही केलेला नाही. कमाईच्या अगदी शिखरावर, म्हणजे वरच्या एक टक्क्यात पोचण्याचा प्रश्न असेल, तर तिथे नामांकित संस्थांचंच पारडं जड आहे. तरीही पॅकेजच्या आकड्यापेक्षा हे माप अनेक पटींनी प्रामाणिक ठरतं, कारण पॅकेजच्या हिशेबात हाच दोष दुप्पट असतो: प्रवेश परीक्षेनं आधीच चाळून घेतलेल्या मुलांचा पगार दाखवून महाविद्यालय तो आपल्या शिकवण्याचा पुरावा म्हणून मिरवतं. शिवाय खुद्द विद्यापीठ काय करू शकतं, हे तपासायची कडक कसोटीही क्युनीनंच दिली आहे. तिच्याकडे वळण्याआधी दुसऱ्या आक्षेपाचा समाचार घेऊ.

दार उघडं टाकलं की दर्जा घसरतो, हा तो आक्षेप, आणि त्याचा दाखला म्हणून जगभर क्युनीचंच नाव घेतलं जातं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सिटी कॉलेज फुकट होतं, पण तिथला प्रवेश फार कठीण होता. गरीब ज्यू घरांतली बुद्धिमान मुलं तिथे शिकली आणि पुढे नोबेलपर्यंत गेली. पण कॉलेज हार्लेममध्ये असूनही तिथे कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन विद्यार्थी फारच थोडे होते. 1969 च्या एप्रिलमध्ये या विद्यार्थ्यांनी परिसराचा ताबा घेतला, शहर ढवळून निघालं आणि 1970 पासून न्यूयॉर्कमधून शालान्त शिक्षण पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला क्युनीच्या कुठल्या ना कुठल्या महाविद्यालयात जागा देण्याची हमी दिली गेली. पहिल्या वर्षाचे विद्यार्थी सुमारे 20 हजारांवरून एका झटक्यात 35 हजारांवर गेले. वर्गखोल्या अपुऱ्या पडल्या, कच्च्या विद्यार्थ्यांसाठी पायाभूत वाचन-लेखन-गणिताचे वर्ग घाईघाईनं उघडावे लागले, प्राध्यापक हवालदिल झाले. टीकाकारांनी विद्यापीठाचा मृत्युलेख लिहून टाकला. मग शहराचं दिवाळं निघायची वेळ आली आणि 1976 मध्ये, म्हणजे स्थापनेपासून सव्वाशेहून अधिक वर्षांनी, फी सुरू झाली. गरीब आणि काळे विद्यार्थी मोठ्या संख्येनं यायला लागून सहा वर्षंही होत नाहीत तोवर शतकभराची फुकट सोय संपावी, हा योगायोग होता असं म्हणायला माझं मन धजत नाही. 1999 मध्ये पदवी महाविद्यालयांमधले पायाभूत वर्गही बंद करण्याचा निर्णय झाला.

दर्जाचा प्रश्न खरा होता. तो नाकारून चालणार नाही. पण निकाल पाच वर्षांत लावायचा की तीस, यावर बरंच अवलंबून असतं. पॉल अ‍ॅटवेल आणि डेव्हिड लॅव्हिन या समाजशास्त्रज्ञांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला क्युनीत दाखल झालेल्या स्त्रियांचा तीस वर्षांनी माग काढला. त्यावरचं त्यांचं पुस्तक 2007 मध्ये आलं. त्यातल्या सत्तर टक्क्यांहून अधिक जणींनी अखेर कुठली ना कुठली पदवी मिळवली होती. कुणाला दहा वर्षं लागली होती. कुणी नोकरी धरून, तर कुणी बाळंतपणानंतर परत येऊन शिकल्या होत्या. त्यांची कमाई वाढली होतीच, पण मुलांच्या शिक्षणाकडे त्या जास्त लक्ष देत होत्या आणि ती मुलंही पुढे जात होती. ठरलेल्या मुदतीत पदवी न मिळाल्यामुळे विद्यापीठाच्या खात्यावर ज्या ‘नापास’ म्हणून नोंदल्या गेल्या, त्यातल्या कितीजणी प्रत्यक्षात पास झाल्या होत्या! आपल्याकडे लग्नानंतर बाहेरून परीक्षा देऊन बीए झालेल्या, नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून पदवी घेतलेल्या हजारो बायकांची नोंद कोणत्या पॅकेजमध्ये होणार?

आता ती कसोटी. 2007 मध्ये क्युनीनं आपल्या सामुदायिक महाविद्यालयांत ‘असॅप’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. या दोन वर्षांच्या महाविद्यालयांत तीन वर्षांतही पदवी हाती न लागणारेच जास्त असत. कार्यक्रमात घेतलेल्या विद्यार्थ्यानं पूर्ण वेळ शिकायचं, ही अट होती. बदल्यात अनुदानापलीकडे उरलेली फी माफ, पुस्तकांची सोय आणि एक सल्लागार. एरवी एका सल्लागाराच्या माथी सहाशे किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असत, इथे साठ ते ऐंशी. शिवाय सबवे आणि बसचा महिन्याचा पास फुकट, पण तो सल्लागाराला भेटल्यावरच हातात पडायचा. एमडीआरसी या संशोधन संस्थेनं तीन महाविद्यालयांतले 896 विद्यार्थी घेऊन चक्क सोडतीनं दोन गट पाडले. एका गटाला कार्यक्रम, दुसऱ्याला नेहमीच्या सोयी. सोडत असल्यानं जिद्द, घराणं, शहर, सगळं दोन्हीकडे सारखंच. तीन वर्षांनी नेहमीच्या गटातल्या 22 टक्क्यांना पदवी मिळाली होती, कार्यक्रमातल्या 40 टक्क्यांना. प्रत्येक विद्यार्थ्यामागे खर्च बराच वाढला होता, तरी दर पदवीमागचा खर्च मात्र कमी झाला, कारण पदव्या जवळपास दुप्पट झाल्या होत्या. विद्यापीठाच्या हातात काय असतं, याचं याहून स्वच्छ उत्तर मला ठाऊक नाही. आणि ते उत्तर काही अंशी बसच्या पासात आहे, हेही विसरू नये.

म्हणूनच ‘फी कमी आहे, म्हणजे शिक्षण गरिबांच्या आवाक्यात आहे’ हे आपल्या सरकारचं लाडकं गृहीतक पुरेसं नाही. महाराष्ट्रात अनुदानित महाविद्यालयातल्या बीए-बीकॉमची फी आजही माफक आहे. 2024 मध्ये आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ झालं आणि ते योग्यच झालं. पण बीडच्या किंवा नंदुरबारच्या मुलीला पुण्यात शिकायचं तर कॉट बेसिसवरच्या खोलीचं भाडं, मेस आणि प्रवास यांचा खर्च फीला सहज मागे टाकतो. त्यासाठी स्वाधार योजना आहे, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. आणि वर्ष सरत आलं तरी पैसे खात्यावर आले नाहीत, ही तक्रारही दरवर्षीची आहे. मार्चमध्ये आलेल्या निर्वाह भत्त्यानं जुलैतली मेस भागत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी हे फार आधी ओळखलं होतं. 1947 मध्ये साताऱ्याला सुरू झालेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजची ‘कमवा आणि शिका’ योजना याच जाणिवेतून आली. जेवणाची सोय हा शिक्षणाचाच भाग, हा धडा आपल्याला न्यूयॉर्ककडून शिकायचं कारण नव्हतं.

अमेरिकेसारखी मोजणी इथे शक्य नाही, कारण इथे कर भरणारे थोडे आणि असंघटित कमाई फार, असं कुणी म्हणेल. पूर्ण मोजणी शक्य नाही, हे कबूल. शेतीचं उत्पन्न करात येत नाही, दुकानात किंवा रिक्षावर काम करणाऱ्या पदवीधराची नोंद कुठे नसते. पण निम्मा हिशेब तर सरकारच्या घरातच पडून आहे. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर उत्पन्नाच्या दाखल्यासह येतात. कुठल्या महाविद्यालयात गरीब घरातले किती विद्यार्थी आले, हे त्यातून बऱ्यापैकी कळतं. त्यातले किती वेळेत उत्तीर्ण झाले, हे विद्यापीठाच्या परीक्षा विभागाला ठाऊक असतं. या दोन याद्या एकमेकींना भेटवायला कुठल्याही परदेशी तज्ज्ञाची गरज नाही. कमाईचा तिसरा आकडा पॅन आणि भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदींतून नावं गाळून काढता येईल. त्या नोंदी केंद्राकडे असल्यानं राज्याला त्या मागाव्या लागतील, आणि जिथे विद्यार्थी अगदी थोडे आहेत तिथले आकडे उघड न करण्याची काळजी घ्यावी लागेल. हा आकडा घाईनं मात्र मोजू नये. आपल्याकडे पदवीनंतर चार-पाच वर्षं एमपीएससीच्या अभ्यासिकेत काढणारे लाखभर तरुण आहेत. पंचविशीत त्यांची कमाई शून्य दिसेल. अमेरिकेतली मोजणी तिशीनंतरची होती, आपलीही तशीच असावी.

देशपातळीवरच्या एनआयआरएफ क्रमवारीकडून हे काम होईल असं वाटत असेल, तर तिचे गुण पाहा. विद्यापीठांच्या क्रमवारीत संशोधनाला 30 टक्के वजन आहे, सर्वसमावेशकतेला 10. त्या 10 टक्क्यांतलाही आर्थिक आणि सामाजिकदृष्ट्या दुर्बल विद्यार्थ्यांसाठीचा वाटा पाचवा हिस्साच, म्हणजे एकूण गुणांत 2 टक्के. ज्या विद्यापीठाशी शेकडो महाविद्यालयं संलग्न आहेत आणि ज्याच्या पटावर शेतमजुरांची मुलं आहेत, त्यानं या क्रमवारीत वर चढायचं तर शोधनिबंध वाढवायचे आणि प्रवेश आवळायचा, असाच संदेश त्याला मिळतो. क्रमवारी ज्याला गुण देते ते वाढतं आणि बाकीचं आटतं. चेट्टींच्याच अभ्यासात दिसलं, की तळातून सर्वाधिक माणसं वर काढणाऱ्या महाविद्यालयांमध्येच 2000 ते 2011 या काळात गरीब विद्यार्थ्यांचं प्रमाण झपाट्यानं घटलं. नामांकितांमध्ये ते आधीच इतकं कमी होतं, की घटायला फारसं काही नव्हतं.

शिक्षण काय पगारासाठी असतं, हा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तो विचारणारे बहुधा ज्यांचं भागलं आहे असे असतात. मराठी वाङ्मय किंवा तत्त्वज्ञान शिकवणारा विभाग पगाराच्या तराजूत घालू नये, हे मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच मोजणी विषयवार न करता संपूर्ण संस्थेची करावी, आणि तिच्यावरून कुठल्याही विभागाचं अनुदान कापू नये. मुलींच्या बाबतीत कमाईचा आकडा अपुराच राहणार, कारण शिकलेल्या असूनही पगारी कामाबाहेर राहिलेल्या स्त्रिया आपल्याकडे फार आहेत. तो दोष महाविद्यालयाच्या माथी मारता येत नाही. पण घरातला पहिला पदवीधर होऊ घातलेल्या मुलाच्या बापाला ‘या पदवीनं पोट भरेल का’ असं विचारायचा हक्क आहे, आणि सरकारी विद्यापीठानं त्याला सुविचाराऐवजी आकड्यात उत्तर द्यायला हवं.

उच्च शिक्षण विभागानं पुढच्या प्रवेशफेरीच्या आधी निदान पहिले दोन आकडे, म्हणजे गरीब घरांतून आलेले किती आणि त्यातले वेळेत उत्तीर्ण किती, महाविद्यालयवार जाहीर करावेत. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. ते होईपर्यंत पालकांनी प्रवेशाच्या खिडकीशी पॅकेज जरूर विचारावं, पण आधी विचारावं: तीन वर्षांपूर्वी पहिल्या वर्षाला किती जण होते आणि यंदा त्यातले किती पास झाले?